खंडूने न पाठवलेला पॅच

खंडूने मला फसवलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घातला म्हणून ते काही बदलत नाही.

खंडू लोणीचा, मी बोरी बुद्रुकचा. दरवर्षी कांदा निघाला की त्याच्या वडिलांच्या, तात्यांच्या मेंढ्या आमच्या रानात बसायला येतात. खत आम्हाला, धान्य त्यांना. सगळं तोंडी, कागद कधीच नव्हता. आमची दोस्ती तिथली.

पुढे दोघंही कॉम्प्युटरवाले झालो. तो पुण्यात, मी नारायणगावात.

गावोगावच्या विहिरींचं पाणी किती खाली गेलंय ते दाखवणारी एक साइट आम्ही हौसेने काढली होती. तिच्या दाराशी एक ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता-सुधारता येणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात त्याला. बाहेरून आलेली मागणी घ्यायची आणि आतल्या योग्य सर्व्हरकडे धाडायची, एवढंच त्याचं काम.

तेच नीट करत नव्हता पठ्ठ्या.

लिंकमध्ये गावाचं नाव इंग्रजीत असलं की पान उघडायचं. मराठीत असलं की “पान सापडलं नाही”.

शिनोली नाही. लोणी नाही. बोरी बुद्रुक तर नाहीच.

तीन महिने डोकं खाजवलं. मराठी अक्षरं नेटवरून जाताना आकड्यांच्या कोडमध्ये बदलून जातात. हा बाबा आधीच बदललेली अक्षरं पुन्हा एकदा बदलत होता. बांधलेला डबा परत बांधावा तसं. आतल्या सर्व्हरला काही उमजायचं नाही.

चुकीची ओळ सापडली ती खंडूला. फोनवर ओरडलाच.

“घावली राव! लई नाचवलं हिनं!”

मग ठरलं. दुरुस्तीचा पॅच त्या सॉफ्टवेअरच्या मूळ प्रोजेक्टला पाठवायचा. दोघांच्या नावाने. म्हणजे जगात ज्याला हवा त्याला फुकट मिळेल.

“मी पाठवतो,” तो म्हणाला. “शब्द हाय आपला.”

आठवडे गेले. विचारलं की म्हणायचा, “टेस्ट ऱ्हायल्यात थोड्या.”

दरम्यान त्याला नवी नोकरी लागली. त्याच सॉफ्टवेअरमध्ये आपले बदल घालून ते विकणारी कंपनी. मी पेढे मागितले, त्याने पाठवले. मी खाल्लेही.

एक दिवस त्या कंपनीच्या नव्या व्हर्जनची माहिती वाचत होतो. भारतीय भाषांमधल्या लिंकचा दोष दुरुस्त केला, असं लिहिलं होतं. खाली उदाहरण दिलं होतं.

बोरी-बुद्रुक.

माझ्याच गावाचं नाव. आणि मूळ प्रोजेक्टमध्ये दोष जसाच्या तसा.

लगेच फोन लावला.

“राव, कंपनीच्या करारावर सही केलीय मी,” खंडू म्हणाला. “आता भाईर देता येत न्हाई.”

“मला सांगायचंस तरी!”

“सांगितलं असतं तर तू आदी पाठवला असतास.”

मी फोन कापला. ते आमचं शेवटचं बोलणं.

पॅच मीही लिहू शकलो असतो. नाही लिहिला. साइटही बंद करून टाकली. हट्ट होता माझा. त्याने यावं, समोर बसावं आणि म्हणावं, चुकलं. बास, एवढंच हवं होतं.

आठ महिन्यांनी डेंग्यूने गेला. चार दिवसांत.

लोकांना रडू येतं. मला आधी राग आला. माफी न मागताच निघून गेला, म्हणून. मातीला गेलो नाही. दहाव्यालाही नाही.

यंदा कांदा निघाला आणि तात्या मेंढ्या घेऊन रानात हजर. वडील म्हणाले, “तात्या, या साली नसता आलात तरी चाललं असतं.”

“सांगितल्यालं व्हतं ना येतो म्हणून.”

सकाळी मी चहा घेऊन गेलो. तात्यांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत.

“बाळा, खंडू गेला, तू घरी आला न्हाईस. तुमचं काय बिनसलं व्हतं का?”

तेच पुढे म्हणाले,

“मला त्या मशिनीतलं काय कळत न्हाई. पर चूक त्याची आसंल तर सांग. मी मागतो माफी.”

आणि त्यांनी कप खाली ठेवून खरंच हात जोडले.

माझी इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. मी त्यांचे हात धरले.

“नाही तात्या. काही नव्हतं. कामात होतो.”

साफ खोटं बोललो.

त्याच दिवशी लॅपटॉप उघडला. पॅच नव्याने लिहिला, टेस्ट लिहिल्या, पाठवला. खाली दोन नावं टाकली.

प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या परदेशातल्या कुणीतरी तो तपासला. विचारलं, दुसऱ्या माणसाचा मेल परत येतोय, त्याची संमती हवी.

मी लिहिलं, तो वारला.

उलट विचारणा आली. मग नाव ठेवायचं की काढायचं?

काढलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. त्याने माझं काढलंच होतं की.

“ठेवा,” लिहिलं.

माफ केलं म्हणून नाही. ती ओळ त्याने शोधली होती, म्हणून.

काल पॅच घेतला गेला.

खंडू, राग आहे अजून. तू असतास तर तोंडावर शिव्या घातल्या असत्या, आणि मग जेवायला बसलो असतो.

ते राहून गेलं, मित्रा. मनापासून श्रद्धांजली.