मंगळवारची कंबर

चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद नाकाशी न्यायचा आणि म्हणायचं, "हो जी. पण काऊन?" आमच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर जन्म काढलेल्या भाऊंची ही रीत. माझ्या कितीतरी शोधांचा जीव त्या एका 'काऊन'नं, म्हणजे साध्या 'का'नं, घेतला आहे.

गडचिरोलीच्या जंगलातला आमचा धर्मादाय दवाखाना. भाऊंनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या नोंदी संगणकात भरल्या गेल्या आणि त्यातून संशोधनासाठी नवे प्रश्न शोधायला मला नेमलं. सगळ्या नोंदी प्रोग्रामला द्यायच्या. कशाबरोबर काय वारंवार येतं ते तो दाखवतो. त्यावरून आपण अंदाज बांधायचा आणि मग तो तपासायचा. अंदाज बांधण्यात मी वाकबगार होतो. तपासणी मात्र भाऊ जेवणाच्या सुट्टीतच उरकून टाकत.

पहिल्याच आठवड्यात प्रोग्रामनं दाखवलं, की इथल्या प्रत्येक म्हातारीला पहिलं मूल बरोबर विसाव्या वर्षी झालं होतं. मी हरखलो. भाऊंनी डबा उघडता उघडता सांगितलं, की जुन्या बायांना आपलं वय ठाऊक नसतं, म्हणून ते थोरल्या लेकराचं वय विचारतात आणि त्यात वीस मिळवतात. लेकराचं वय कसं कळतं, असं मी विचारलं. तेही त्याच्या थोरल्या लेकरावरूनच काढत होते.

पुढे कळलं, की शुक्रवारी या भागात जवळजवळ कोणी आजारीच पडत नाही. मी हवेपासून पाण्यापर्यंत सगळी कारणं लिहून काढली. "शुक्रवारी बजार राह्यते," भाऊ म्हणाले. "आजारी पडाले बी टायम लागते जी."

तुमच्याही कचेरीत असा एक माणूस असेल. आपण त्याला अडाणी समजतो आणि तो आपल्याला चहा पाजतो.

मग मला मंगळवारची कंबर सापडली. बायकांची कंबरदुखी मंगळवारी एकदम वाढायची. शिवाय या बायकांना औषध मिळत होतं ते जंतुसंसर्गाचं, आणि बऱ्याच जणी पुन्हा कंबरेसाठी आल्या नव्हत्या. म्हणजे जुन्या औषधाचा नवा उपयोग! तीन महिने मी त्यावर खपलो. नागपूरहून मोठे संशोधक ऐकायला येणार होते. त्यांना पटलं, तर माझी नेमणूक पक्की होणार होती.

भाऊंना मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, कागद वाचला आणि परत दिला. 'काऊन' आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"ते कमर मीच लिहिली जी," ते म्हणाले. "खिडकीवर बाईच्या मागं तिचा दीर उभा राह्यते, नाईतर सासरा. तिले अंगावर जाते, जळजळ होते, ते मले कशी सांगन ती? नुसता पदर चावते. मंग मी कमर लिहितो अन् मंगळवार देतो. मंगळवारी डॉक्टरबाई राह्यते."

डॉक्टरबाई खरा आजार तोंडी विचारून गोळ्या लिहून द्यायच्या. संगणकात गेली ती फक्त भाऊंची कंबर आणि औषधाच्या खिडकीवरच्या गोळ्या.

मला राग आला, हे कबूल करतो. इतकी वर्षं खोटं लिहिलंत, असं मी त्यांना बोललो. सगळ्या नोंदी दुरुस्त करून घेईन म्हणालो.

भाऊंनी हात जोडले. "माही नोकरी घ्या, पण ते सुधरू नका जी. केसपेपर घरी जाते. घरी आता सारे वाचतेत."

नोंदी मी तशाच राहू दिल्या.

नागपूरकरांसमोर मी औषधाचं काही बोललोच नाही. आमच्या दवाखान्यात आजार दडतो तो खिडकीच्या रांगेत. आडोसा केला तर तो बाहेर येईल का, एवढाच प्रश्न मी मांडला. नावं दाखवली नाहीत. ते आधी हसले, मग वह्या काढून लिहू लागले. माझी नेमणूक काही पक्की झाली नाही, वर्षभर वाढली. बायकांसाठी मात्र पडद्याची वेगळी खिडकी झाली. पडदा लागला त्या दिवशी भाऊंनी मला आत उभं करून "जळजळ होते" असं दहा वेळा म्हणायला लावलं आणि स्वतः रांगेच्या जागी कान देऊन उभे राहिले. रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माझी फार काळजी केली.

भाऊ निवृत्त होऊन बल्लारपूरला लेकीकडे गेले. पडद्यामागे आता घुग्घुसच्या एक बाई बसतात, नोंदीला फार काटेकोर. मीच त्यांना तसं शिकवलं आहे.

गेल्या सोमवारी मी तिथे यादी घ्यायला गेलो होतो. एक बाई पडद्याआड आली, आणि पाठोपाठ तिची जाऊही आत शिरली. जावेला पडदा कुठला अडवणार? काय होतं, असं विचारल्यावर ती बाई पदराचं टोक दातांत धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊ कुठी गेले?"

खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"कंबर लिहा," मी म्हणालो. "आणि उद्याचा मंगळवार द्या."

बाईंनी पेन उचललं आणि चष्मा वर सरकवला.

"हो सर," त्या म्हणाल्या. "पण काऊन?"