फिल्टरच्या डब्यावरचा दसऱ्याचा दोरा

मंडळी, डोकं तापलंय म्हणून लिहायलोय.

माझी कार चौदा वर्षांची. एअर फिल्टर मी आजवर घरीच बदलायचो. यंदा बायको म्हणाली, "कशाला हात काळे करता? सर्व्हिसिंगलाच द्या की." सकाळी लातूरच्या गॅरेजात गाडी दिली, दुपारी आणली. बिलात लिहिलेलं, एअर फिल्टर नवा टाकला.

रेणापूरला घरी येऊन बॉनेट उघडलं. दसऱ्याच्या पूजेला मी फिल्टरच्या डब्याला लाल दोरा गुंडाळून बांधला होता. तो तोडल्याशिवाय झाकण निघत नाही. दोरा जसाच्या तसा, गाठही माझीच.

तसाच परत गेलो. मेकॅनिक दोऱ्याकडं बघत शांतपणे म्हणाला, "पूजेचा दोरा हाय सर, आम्ही कसा तोडणार? पाप लागतंय."

दोरा तोडायला देवाची भीती. न टाकलेला फिल्टर बिलात लिहिताना देव काय गावाला गेला होता?

मग बिलात लावलेला नवा फिल्टर त्याच्याकडून मागून घेतला, दोरा त्याच्यासमोर तोडला आणि त्याच्याच दारात उभा राहून स्वतः बसवला. पाच मिनिटं लागली.

तुम्ही गॅरेजातून गाडी आणल्यावर बॉनेट उघडून बघता, की नुसतं बिल वाचता?