सोमवारचे बार आणि बुधवारचे बार

निवृत्त होऊन फार वर्षं झाली नाहीत, तरी पुष्कळ प्रकरणं पुसट झाली. हे मात्र पुसट झालं नाही. कुणी चहाबरोबर प्रोटीन बार पुढे केला की माझा हात आजही आधी वेष्टन उलटं करतो.

मी तेव्हा मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पोलीस भरती तोंडावर आली होती आणि गावोगावची मुलं-मुली पहाटे वाळूत धावत होती. गुरुवारी सकाळी हजेरी चालू असतानाच ग्रामीण रुग्णालयातून वर्दी आली. धावण्याआधी प्रोटीन बार खाल्लेली एकोणीस वर्षांची मुलगी किनाऱ्यावर कोसळली होती. ओठ सुजलेले, अंगभर चट्टे, श्वास अडकलेला. डॉक्टरांनी वेळेवर इंजेक्शन दिलं म्हणून वाचली, पण पुढचे काही तास तिला नजरेखाली ठेवावं लागणार होतं.

पाठोपाठ ठाण्यात निनावी फोन आला. तालमीचा मास्तर पोरांना इंजेक्शनवाली पावडर चारतो, एवढं बोलून माणसाने फोन ठेवला. मला तेवढं पुरेसं वाटलं. किनाऱ्यावर भरतीची तयारी करून घेणाऱ्या त्या मास्तरला आणून बाकावर बसवलं, तालमीतले उरलेले बार पंचांसमक्ष सीलबंद केले. तासाभरात फाटकाबाहेर पालक जमले. कुणी म्हणे विष, कुणी म्हणे स्टेरॉइड. प्रयोगशाळेचा अहवाल यायला आठवडे लागणार, आणि तेच बार अजून पंधरा-वीस घरांत होते. आणखी एखादी मुलगी कोसळली तर काय?

मास्तर तिशीतला, शांत माणूस. त्याने सांगितलं की बाहेरची पावडर पोरांना परवडत नाही, म्हणून तो शेजारच्या वाडीतल्या एका काकींकडून बार करून घेतो. भाजलेले कुळीथ, शेंगदाणे, सोयाबीन, वर गुळाचा पाक. वेष्टनावर त्याने ठळक अक्षरांत ‘हाय प्रोटीन’ छापून घेतलं होतं. ते कशापासून मिळतं, हे कुठेच नव्हतं. मी आवाज चढवला. त्याने स्वतःच्या पिशवीतला त्याच खेपेचा बार काढला आणि माझ्यासमोर खाल्ला.

“साहेब, ती दोन महिने हेच खातेय. विष असतं तर आज मीही पडलो असतो.”

तो पडला नाही. दुपारी दोनपर्यंत बाकावर ताठ बसून होता. मला सुटकेपेक्षा काळजीच जास्त वाटली, कारण आता माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. दोन महिने चाललेली वस्तू एका सकाळी का उलटावी?

शेवटी महिला हवालदारांना घेऊन काकींच्या घरी गेलो. अंगणातल्या खळ्यात गोलमा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, वाळत घातलेली. स्वयंपाकघर लख्ख. मी साहित्याचे डबे हुंगत बसलो. हवालदार बाई मात्र त्याच भागातल्या. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, बार कोणत्या दिवशी करता?

“सोमवारी. आमच्याकडे सोमवारी शिवराक, मासळी बंद; मिक्सराक माशांचो वास पण लागणा नाय. ह्या खेपेक पोरांका घाई होती, म्हणान काल बुधवारी केलंय.”

“आणि त्याआधी मिक्सरमध्ये काय वाटलं होतं?”

“गोलम्याची चटणी. पण भांडा पुसून घेतलंय मी. धुवूक नाय, ओल्या भांड्यात पीठ धरता.”

मला सकाळची गोष्ट आठवली. सकाळी जबाब देताना मुलीची आई म्हणाली होती, “तिका कोळंबी चलणा नाय, अंगार पित्त उठता.” रायटर ते लिहायला लागला, तेव्हा मीच त्याला थांबवलं होतं. बारमध्ये कोळंबी कुठून येणार, असं म्हणून. त्याच जबाबात आईने हेही सांगितलं होतं की कालच्या पुड्यातला एक बार मुलीच्या पिशवीत उरलाय. तो जप्त करायचा राहून गेला होता.

डॉक्टरांना फोन लावला. ते प्रसूतीच्या बाईजवळ होते, फोन वाजत राहिला. आईकडे फोन नव्हता. गाडीत बसलो, हवालदार बाई पुन्हा पुन्हा रुग्णालयाचा नंबर फिरवत होत्या. अंतर जेमतेम सहा किलोमीटर. वाटेत म्हशी आडव्या आल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा म्हशींवर ओरडलो.

वॉर्डात मुलगी उशीला टेकून बसली होती. आईने बार मोडून तुकडा तिच्या ओठांपर्यंत नेला होता. मी तो हातावर फटका मारूनच उडवला.

आई भेदरली. “विष आसा काय सायबांनू? माका वाटला पित्तच उठला. पोटात काय नाय तिच्या, म्हणान दितय.”

“विष नाही. गोलमा आहे.”

“गोलमो?” तिने हातातला उरलेला बार उलटसुलट करून पाहिला. “तो तर आमी रोज खातो, तिका सोडून.”

नंतर डॉक्टरांनी मला समजावलं. प्रथिन म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. दुधाचं वेगळं, सोयाबीनचं वेगळं, शेंगदाण्याचं वेगळं, कोळंबीचं वेगळं. नव्याण्णव जणांना त्याने ताकद येते, आणि एखाद्याच्या शरीराला त्यातलं एक चिमूटभरही सोसत नाही. पित्त समजून घरात सोडून दिलेली ती गोष्ट खरं तर ॲलर्जी होती.

त्या संध्याकाळीच सगळ्या घरांतून बार परत मागवले. पुढे अहवालातही तेच आलं. गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही. काकींनी बारसाठी वेगळं भांडं घेतलं आणि वेष्टनावर आत काय काय आहे ते छापलं जाऊ लागलं. मास्तरची तालीम मात्र दोन महिने ओस पडली. मी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. त्याने पाणी दिलं, बसा म्हणाला नाही. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

पस्तीस वर्षं मी लोकांना विचारत आलो, कोणी, कधी, कशासाठी. त्या दिवशी मी अडाणी समजलेल्या त्या मुलीच्या आईने न विचारता उत्तर दिलं होतं. प्रकरणाच्या फाइलमध्ये तिचा जबाब आहे, खाली माझी सही आहे. कोळंबीचं वाक्य त्यात नाही.