बिल्ल्यामागचा कोट

कॅसिनोत मी एकोणीस वर्षं लोकांचे कोट सांभाळले. साउथहॅम्प्टनच्या बंदराजवळचा जुना कॅसिनो, खाली उतरणारा जिना आणि जिन्याच्या पायथ्याशी माझी क्लोकरूम. हे काम हलकं, असं आमच्यातल्या काही लोकांना वाटायचं. गणपतीला लंडनमधल्या एजवेअरला आमच्या मराठी मंडळात गेलो की कुणीतरी विचारायचंच, "काका, अजून कोटच टांगता का?" मी म्हणायचो, "हो. तुमचाही टांगीन, कोट चांगला असला तर."

कामाचा नियम एकच होता. माणूस कोट देतो, आपण त्याला नंबर घातलेला पितळी बिल्ला देतो. बिल्ला परत आला की कोट परत. ओल्या छत्रीलासुद्धा मी बिल्ला द्यायचो. मी दिलेला बिल्ला घेऊन कुणी आला आणि मागे त्याचा कोट नाही, असं एकोणीस वर्षांत एकदाही झालं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, बोटीवर भांडी घासत या देशात आलो. पण हे मी छाती पुढे काढून सांगतो.

एक निवृत्त इंग्रज शाळामास्तर दर मंगळवारी दुपारी यायचा. करडा ओव्हरकोट, बाह्यांना झिजलेला. खेळायला जाण्याआधी माझ्यापाशी टेकून गप्पा मारायचा. एकदा त्याने खिशातून दहाची नोट काढली आणि म्हणाला, "यावर काय लिहिलंय माहिताय?" मला इंग्रजी येतं ते पाट्या वाचण्यापुरतं. त्यानेच वाचून दाखवलं. ही नोट घेऊन जो मागायला येईल त्याला एवढे पौंड देऊ, असं लंडनच्या मोठ्या बँकेने वचन दिलंय म्हणे.

"पूर्वी मागायला गेलं तर सोनं मिळायचं," मास्तर म्हणाला. "आता काय देतील?"

"काय?"

"दुसरी नोट!" असं म्हणून तो मोठ्याने हसला, आणि तीच नोट रुलेटवर घालवायला आत गेला.

मी मात्र हसलो नाही. दिवसभर कोट टांगत विचार करत राहिलो. म्हणजे ही बँक बिल्ले वाटत सुटलीय आणि आतल्या खुंट्यांवर कोटच नाहीत. वर दरसाल आणखी बिल्ले छापते. मी असं केलं असतं तर मॅनेजरने मला त्याच जिन्यावरून रस्त्यावर काढलं असतं. त्या दिवसापासून मी ठरवलं, बँकेची पायरी चढायची नाही. आमची दोघांची पेन्शन पोस्टाच्या खिडकीवर पुस्तक दाखवून रोख मिळायची. टिपा मिळत त्या मी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचो. डबा एअरिंग कपबोर्डमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे, गरम आणि कोरड्या जागी. मुलगी मिल्टन कीन्सला असते, कॉम्प्युटरच्या नोकरीत. ती हसायची, "बाबा, नोटांवर विश्वास नाही तर नोटाच का ठेवता?" मी सांगायचो, "नोट निदान हातात असते. खात्यात नुसता आकडा. तो बिल्ल्याचाही बिल्ला."

त्या डब्याला बायको 'अक्काचा डबा' म्हणायची. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, दापोलीला असायची. बायकोला आई आठवत नाही. तिची वेणी घातली, तिला शाळेत सोडलं, तिचं लग्न लावलं ते अक्काने. अक्काला कधी जास्त झालं तर लगेच निघता यावं म्हणून हे पैसे, असं मीच डबा पहिल्यांदा ठेवताना म्हटलं होतं. मी म्हटलं होतं म्हणून ती निर्धास्त होती.

मी रिटायर झाल्यावर तीनेक वर्षांनी, नोव्हेंबरात, एका गुरुवारी सकाळी दापोलीहून भाच्याचा फोन आला. अक्काच्या पोटात पाणी झालंय, डॉक्टर म्हणतात चार-आठ दिवस. यायचं तर आत्ता या.

दुपारी मुलीचा फोन. जन्म इथला, त्यामुळे 'करते'चं 'करतो' होतं. "बाबा, मी आत्ता बुक करतो. उद्याचा फ्लाइट आहे. कार्ड आहे माझा, पाच मिनिटं लागणार."

"तुझ्या कार्डामागे काय आहे? उधारीच ना?"

"बाबा, प्लीज. मावशी मरतेय."

"हिच्या बहिणीकडे जायचं तिकीट माझ्या घरातनं निघेल. तू तुझं घर बघ."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, पोरगी म्हणतेय तर करू द्या ना."

"डबा कशाला ठेवलाय मग?" मी म्हटलं. ती बॅग काढायला माडीवर गेली.

शुक्रवारी सकाळी मी डबा पिशवीत घालून आमच्या ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. एजंट गुजराती, युगांडातून आलेला, हिशेबाला चोख. मी नोटांची चळत टेबलावर ठेवली. त्याने वरच्या दोन-चार उलटून पाहिल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"काका, ये तो म्यूझियम में दो."

"म्हणजे?"

"ये दस का नोट बंद हुए साल हो गया. और ये बीसवाला तो कब का बंद. टीव्ही नहीं देखते?"

टीव्ही बघतो मी, पण असल्या बातम्या लागल्या की बंद करतो. पोस्टातून मिळणाऱ्या नोटा वेगळ्या दिसायला लागल्यात हे मला कळलं होतं, पण जुन्या टाकून देतात हे डोक्यात आलं नव्हतं. मी खालच्या नोटाही उलटून पाहिल्या. सगळ्या तसल्याच. त्याला दया आली असावी. तो म्हणाला, "कोई बात नहीं. टिकट ले जाओ, काकी को भेजो. पैसा बाद में. कल की फ्लाइट में जगह है."

आता तुम्ही म्हणाल, घ्यायचं होतं. मलाही तसंच वाटतं. पण त्याच्या दुकानात आणखी दोघं बसले होते, एक आमच्याच मंडळातला. त्याच्यासमोर मी, एकोणीस वर्षं कुणाचं काही बाकी न ठेवलेला माणूस, तिकीट उधार घेणार? मी नोटा पिशवीत भरल्या आणि निघालो. "नोट बदलना है तो लंडन की बडी बँक में जाओ," तो मागून ओरडला, "वो कभी ना नहीं बोलती!" मी मागे वळून पाहिलं नाही.

घरी आलो तर ही कोट घालून खुर्चीत बसलेली. बॅग दाराशी.

"मिळालं?"

"सीट नाही," मी म्हटलं. "गर्दी आहे. सगळे आत्ताच निघालेत."

"सोमवारी?"

"बघतो म्हणाला."

तिने कोट काढून खुंटीला लावला. बिल्ला दिला होता मी तिला, आणि मागे काही नव्हतं.

शनिवारी दुपारी कॅसिनोत गेलो. म्हटलं, जगातलं सगळ्यात जास्त रोख जिथे फिरतं तिथे माझी दहाची नोट कोण नाकारेल? जिना उतरलो आणि थांबलो. क्लोकरूमचं काउंटर काढून टाकलं होतं. भिंतीला एक लोखंडी दांडा, त्यावर चार-पाच कोट, वर पाटी: कोट ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. आत तीन टेबलांवर चादरी घातलेल्या. एका रुलेटभोवती दोन माणसं, आणि चेंडू फिरवणारी पोरगी घड्याळाकडे बघत होती.

पिंजऱ्यातली कॅशियर जुनीच. मला बघून खूश झाली, पण नोटा बघून तिचं तोंड उतरलं. "डार्लिंग, मला नाही घेता येत. आता पैसे कुठून आले तेही लिहून घ्यावं लागतं."

"तुमच्याच गिऱ्हाइकांकडून आले."

"ते खरं रे." ती हसली, पण डोळ्यांनी नाही. नवीन कायदा येतोय, मोठमोठे कॅसिनो निघणार, मशिनांनी भरलेले. आमच्यासारख्या जुन्या तळघरांना कुणी विचारत नाही. मालकाने विकलंय, ख्रिसमसपर्यंत बंद, असं तिने सांगितलं. मी विचारलं, "माझे बिल्ले कुठेत?"

"स्किपमध्ये गेले, लव्ह. भंगारात."

"आणि मास्तर?"

"गेल्या हिवाळ्यापासून आला नाही. त्याचा कोट राहिलाय आत. टाकून द्यायला जीव होत नाही."

बाहेर पाऊस लागला होता. बसस्टॉपवर बसलो आणि तीन बसगाड्या जाऊ दिल्या.

रविवारी बायकोने फोनकार्डाचा नंबर खरवडून दापोलीला फोन लावला. अक्काला बोलवत नव्हतं. भाचा कानाशी फोन धरायचा आणि ती काय म्हणाली ते सांगायचा. ही म्हणत होती, "येते गं, सीट मिळाली की लगेच येते. तुझ्यासाठी मऊ बिस्किटं घेतलीत, दुधात विरघळणारी." मग ऐकलं. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "थांबते म्हणाली. तू ये सावकाश, मी थांबते." मग बॅग उघडून बिस्किटांचे पुडे मोजले, कपड्यांच्या वर ठेवले, न्हाणीघरातल्या काट्यावर बॅग ठेवून वजन पाहिलं. शुक्रवारपासून चौथ्यांदा. मुलीचा परत फोन आला तेव्हा मीच घेतला आणि म्हटलं, "होतंय. सोमवारचं बघतोय."

तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर मुलीने रविवारच्या रविवारी तिकीट काढलं असतं. सांगितलं नाही.

सोमवारी, "एजंटकडे जातो" म्हणून पहाटेची गाडी पकडून मी लंडनला गेलो. त्या बँकेच्या भिंतीला खाली खिडकीच नाही. दाराशी गुलाबी कोट आणि उंच टोपी घातलेला दरवान. इतका चांगला कोट माझ्याकडे कधी टांगायला आला नव्हता. मी रस्ताभर भांडण तयार करून आणलं होतं. तुम्ही वचन दिलंत, आता मागायला आलोय, द्या. इंग्रजीत कसं म्हणायचं तेही ठरवलं होतं.

भांडायची वेळच आली नाही. काउंटरमागच्या पोरीने पासपोर्ट बघितला, फॉर्म तिनेच भरला, मी सही केली. तिने नोटा उजेडात धरून पाहिल्या, मशिनमधून घातल्या आणि तेवढ्याच नव्या नोटा माझ्यासमोर ठेवल्या. चहा पिऊन होतो तेवढा वेळ. मला राग आला. अख्खं भांडण तसंच पोटात राहिलं होतं. मी एक नोट उचलून विचारलं, "याच्या मागे काय आहे?"

तिला कळलं नाही. तिने नोट हातात घेतली, उलटी केली आणि लहान पोराला दाखवावं तशी मला दाखवली. "मागे हे चित्र आहे, सर. दाढीवाले गृहस्थ आणि हा छोटा पक्षी. छान आहे ना?"

मी "छान" म्हटलं.

परतीच्या गाडीला वाटेत उशीर झाला. पोचलो तेव्हा एजंटचं शटर खाली होतं. घरी येऊन म्हटलं, "उद्याचं मिळेल. नक्की." या वेळी खिशात खरंच पैसे होते.

मंगळवारी सकाळी मी बूट चढवत होतो तेव्हा फोन वाजला. हिने घेतला. काही ओरडली-बिरडली नाही. "हो. हो. किती वाजता?" एवढंच विचारलं. मग जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, बॅगेच्या शेजारी, आणि बॅगेच्या चेनवरून बोट फिरवत राहिली. मी एक बूट घातलेला, एक हातात.

तिकीट त्याच दिवशी काढलं. बुधवारी ती गेली, अक्काच्या दिवसांना. हीथ्रोला मुलगी सोडायला आली होती. माझ्याशी ती बोलली ते फक्त पार्किंगबद्दल.

महिन्याभराने ही परत आली. मी चहा टाकला, तिने बॅग उघडली. कोकमं, पोहे, अक्काचं एक जुनं लुगडं. आणि बिस्किटांचे पुडे, न फोडलेले, तसेच. ते तिने एकावर एक टेबलावर ठेवले. त्यांच्याकडेच बघत म्हणाली,

"जाताना विमान अर्धं रिकामं होतं."

मी गाळणी धरून उभा होतो.

"माझ्या शेजारच्या दोन्ही सीटांवर कुणी नव्हतं. मी पाय पसरून झोपले. एअर होस्टेसला विचारलं मी, एवढं रिकामं कसं? ती म्हणाली, गेले दहा दिवस असंच आहे."

"हो?" मी म्हटलं.

"हो."

मी चहा तिच्यासमोर ठेवला. चहा प्यायली, कप धुतला, आणि माडीवर जाऊन एअरिंग कपबोर्डमधला रिकामा डबा काढून आणला. त्यात ते पुडे बसतात का बघितलं. बसले. झाकण लावून तिने डबा परत टॉवेलांच्या मागे ठेवला.

पुढच्या आठवड्यात मुलीबरोबर जाऊन तिने बँकेत स्वतःच्या नावाने खातं उघडलं. मला विचारलं नाही, आणि मीही अडवलं नाही. त्या बँकांबद्दल माझं मत अजून तेच आहे. मास्तर चूक नव्हता. पण आता हे मत मी घरात बोलून दाखवत नाही. कधी टीव्हीवर व्याजदराची बातमी लागली आणि मी तोंड उघडलं की ती विणकामातनं वर बघते, आणि मी गप्प बसतो.