पंगत थांबली तेव्हा

त्या वर्षी गणपती बसले तेव्हा आमच्या घरातून एकाच मूर्तीपुढे दोन उलट प्रार्थना चालल्या होत्या, आणि त्यांतली एक माझी होती हे कोणालाच ठाऊक नव्हते. माझे वडील केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. चंदीगडला आलो तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून दर वर्षी बाबा नागपूरला बदली मागत आणि दर वर्षी ती राहून जाई. गावी माझी आजी एकटी होती, तिची नजर अधू झाली होती, आणि आईचा जीव तिकडे लागलेला असे. त्या श्रावणात बदलीचा हुकूम आला. आईने घरच्या देवापुढे साखर ठेवली, आणि हुकूम आला तसा फिरू नये म्हणून ती रोज हात जोडू लागली. मी तिच्या शेजारी उभा राहून हात जोडत होतो, पण मागत होतो ते एवढेच की बदली रद्द होऊ दे. ज्या गोष्टीची माझे आईवडील इतकी वर्षे वाट पाहत होते ती त्यांना मिळू नये, असे मी मागत होतो. हे लिहिताना आजही हात थोडा अडखळतो.

कारण सांगायचे तर माझ्या चेहऱ्यापासून सुरुवात करावी लागेल. लहानपणी मी पेरूच्या झाडावरून हनुवटीवर पडलो. तेव्हा रक्त थांबले, जखम भरली आणि सगळे विसरून गेले. पण उजव्या कानापुढचा जबड्याचा सांधा आतून आखडला होता. त्या बाजूचा जबडा पुरता वाढलाच नाही. मी मोठा होत गेलो तशी हनुवटी उजवीकडे सरकत गेली. तोंड थोडेच उघडते, घास चावताना खालचा जबडा एका बाजूला झुलतो आणि कानाजवळ कट्‌ असा आवाज होतो. घरातले लोक पुष्कळ वर्षे ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणत आणि आई कोमट तेलाने गाल चोळून देई. चंदीगडच्या मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट समजावून सांगितले. शस्त्रक्रिया करता येते, ते म्हणाले, पण तुझे तोंड खाण्यापुरते उघडते आहे तोवर घाई नको. आणि एक लक्षात ठेव, शस्त्रक्रियेने चेहरा सरळ होणार नाही. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी फक्त ‘जी, ठीक है’ म्हटले आणि सायकलच्या दांडीवर मला बसवून घरी आणले. खरे तर मी दांडीवर बसण्याच्या वयाचा राहिलो नव्हतो, पण त्या दिवशी दोघांनाही ते लक्षात आले नाही.

बोलण्याची मला फारशी लाज नव्हती. लाज होती ती खाण्याची. आई पोळी वरणात कुस्करून देई आणि मी भिंतीकडे तोंड करून जेवत असे. कॉलेजात इतर मुले कँटीनमध्ये समोसे खात, मी दुपारच्या सुट्टीत सायकल मारत घरी येऊन जेवून परत जाई. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी. एस्सी.चे दुसरे वर्ष सुरू झाले होते आणि प्राध्यापक माझ्यावर खूष होते. आता आईबाबा नागपूरला गेले म्हणजे मला कॉलेजच्या वसतिगृहात राहावे लागणार होते. बाबांनी तिथली जागाही पक्की केली होती. त्या वसतिगृहाचा जेवणाचा हॉल मी एकदा दारातून पाहिला होता. लांब टेबले, समोरासमोर बाके, आणि शंभरेक मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत जेवत होती. तेव्हाच मी मनाशी ठरवले की बदली रद्द झाली नाही तर प्रकृतीचे काहीतरी कारण सांगून कॉलेज सोडायचे आणि आईबाबांबरोबर जायचे. कोणाला तसे बोललो मात्र नव्हतो.

इथली मराठी मंडळी मिळून गणपती बसवतात. कचेऱ्यांतले कारकून, अधिकारी, लष्करातली कुटुंबे, सगळी येतात. विसर्जनाच्या दिवशी दुपारी सेक्टरच्या सभागृहात महाप्रसादाची पंगत बसते. त्या पंगतीत मी कधीच बसलो नव्हतो. आपल्याकडची रीत अशी की शेवटचा माणूस जेवेपर्यंत पंगतीतून कोणी उठत नाही. मी बसलो तर शेवटचा माणूस मीच असणार, आणि सगळी पंगत हात वाळवत माझ्या तोंडाकडे पाहत बसणार. म्हणून मी दर वर्षी वाढायला उभा राही. भाताचे पातेले उचलून मी सभागृहभर फिरे. बायका आईला म्हणत, ‘काय सेवाभावी मुलगा आहे हो तुमचा.’ शेवटी वाढपी जेवायला बसत तेव्हा ‘मी घरी जेवेन’ असे सांगून मी निघून जाई.

त्या वर्षी म्हणजे एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या गणपतीत एका मेजरांच्या पत्नीने लष्करी इस्पितळातले चार-पाच मराठी जवान प्रसादाला आणले होते. त्यांतले एक हवालदार पंगतीच्या टोकाला बसले होते. त्यांच्या खालच्या जबड्याचा डावीकडचा बराचसा भाग गेला होता. ओठ एका बाजूला ओढलेला, मानेपर्यंत जखमेची खूण. पण शर्ट कडक इस्त्रीचा आणि पाठ ताठ. त्यांच्या शेजारचे पान रिकामे होते. मी भात वाढायला वाकलो तेव्हा त्यांनी माझ्या हनुवटीकडे पाहिले. लोक पाहतात आणि पटकन नजर वळवतात, याची मला सवय आहे. त्यांनी नजर वळवली नाही.

‘कुठल्या आघाडीवर?’ त्यांनी विचारले. शब्द थोडे बोबडे येत होते.

मला कळले नाही. त्यांनी स्वतःच्या जबड्याला बोट लावून माझ्या जबड्याकडे दाखवले. ‘माझं सीमेवर, तोफगोळ्याच्या कपचीनं. तुझं कुठं?’

‘पेरूच्या झाडावर,’ मी म्हणालो.

ते हसले. हसू त्यांच्या एकाच गालावर उमटले. ‘म्हंजे शत्रू उंचावर हुता. बस की. पान मांडलंय.’

‘मी वाढतोय, काका.’

‘वाढणारं लई हायत. माझ्या चालीनं जेवणारं एक बी न्हाई. एकट्यानं एवढ्या लोकांना ताटकळत ठेवायचं म्हंजे अवघड वाटतं बघ, गड्या.’

एवढ्या मोठ्या माणसाला माझ्या सोबतीची गरज असेल असे मला वाटले नव्हते. ते नुसते ‘लाजू नकोस’ म्हणाले असते तर मी हसून पुढे गेलो असतो. पण त्यांनी मदत मागितली होती. मी पातेले दुसऱ्याच्या हातात दिले आणि बसलो.

जेवण सुरू झाले. आम्ही दोघे भात कालवून मऊ करीत होतो, हळूहळू चावत होतो. बघता बघता बाकीच्यांची पाने रिकामी झाली. कोणी बोटाने पानावर रेघा ओढू लागले. दारात दुसऱ्या पंगतीची माणसे उभी होती, मुले भुकेने कुरकुरत होती. उत्सवाचे व्यवस्थापक देशपांडेकाका एकदा घड्याळाकडे आणि एकदा आमच्याकडे पाहत होते. दारातून कोणीतरी म्हणाले, ‘देशपांडेजी, दुसरी पंगत विसर्जनानंतर का?’ त्यावर हशा झाला. इतकी वर्षे ज्याला भ्यालो तेच आता घडत होते. मी पाणी पिऊन पान पुढे सारले आणि उठायला लागलो, तेवढ्यात हवालदारांचा हात माझ्या मनगटावर आला.

‘तू उठलास तर मलाबी उठावं लागंल. अर्ध्या पोटी.’ मग त्यांनी मान वर करून शांतपणे सांगितले, ‘देशपांडेसाहेब, दोन जिलब्या आणि मठ्ठा आणा. ह्या पोरालाबी.’

देशपांडेकाका स्वतः जिलब्या आणि मठ्ठा घेऊन आले. हवालदारांनी जिलबी मठ्ठ्यात बुडवली आणि ती भिजण्याची वाट पाहत निवांत बसले. मीही माझी बुडवली. आमच्या समोरच्या ओळीत एका कर्नलांच्या वृद्ध आई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अरे, नुसते बसलात काय? श्लोक म्हणा कोणीतरी.’ एका लहान मुलीने सुरुवात केली. ती इथेच वाढलेली, तिच्या श्लोकाला पंजाबी हेल होता. तो संपला तशी सगळी पंगत ‘हर हर महादेव’ म्हणाली. मग दुसऱ्याने म्हटला, मग तिसऱ्याने. घरी आईवडिलांना हिंदीत उत्तरे देणारी मुलेसुद्धा आठवून आठवून म्हणू लागली. दारात उभे असलेले लोक आत येऊन भिंतीला टेकले आणि तेही सामील झाले. मला वाटते, त्या पंगतीत कोणाला आता उठायची घाई राहिली नव्हती.

मी जेवत होतो. जबडा नेहमीसारखाच एका बाजूला झुलत होता, कानाजवळ कट्‌ कट्‌ वाजत होते, आणि मी ते लपवत नव्हतो. त्या वेळी मान वर केली तर समोर गणपती. सभागृहातल्या आरतीला मी मागच्या गर्दीत उभा राही, आणि वाढताना मी नेहमी वाकलेला असे, पाठ मूर्तीकडे. त्या दिवशी बसलो म्हणून मला तो इतका वेळ आणि इतका पुरता दिसला. काही तेज फाकले नाही, कसला आवाज झाला नाही. फक्त इतके दिवस मी जे मागत होतो ते मागण्याचे शब्दच आठवेनात. मी आठवून पाहिलेही नाही.

‘झालं?’ हवालदारांनी विचारले. ‘झालं,’ मी म्हणालो. ‘मग उठू या.’ आम्ही दोघे उठलो आणि आमच्यामागे सगळी पंगत उठली.

हात धुताना त्यांनी माझी चौकशी केली. कॉलेजात आहे, घराण्यात पहिलाच आहे, असे मी सांगितले. ते तोंड पुसत म्हणाले, ‘घराण्यात पहिला? मग लोकांनी बघायला नगं व्हय?’ एवढे बोलून ते त्यांच्या गाडीकडे गेले. माझ्याकडे लोक पाहतात ते काही वेगळ्या कारणानेही पाहू शकतील, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचले नव्हते.

संध्याकाळी विसर्जन करून परत येताना मी बाबांना म्हणालो, ‘तुम्ही निश्चिंत जा. मी वसतिगृहात राहतो.’ राहण्याचे तर आधीच ठरलेले होते, म्हणून ते ‘बरं’ म्हणतील असे मला वाटले. पण ते चालता चालता थांबले आणि त्यांनी विचारले, ‘मेसमध्ये जेवशील?’ म्हणजे माझ्या मनातले सारे त्यांना कळत होते. मी हो म्हटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि वाटेत भेटलेल्या कचेरीतल्या एका सरदारजींना, त्यांनी काही विचारलेले नसताना, सांगितले, ‘लड़का यहीं रहेगा जी. बी. एस्सी. पूरी करेगा.’ त्यांचा तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. आई मात्र घरी आल्यावर हळूच म्हणाली, ‘पन पोळी कोन कुस्करून देईन रे तुले?’ ‘मीच कुस्करीन,’ मी म्हणालो. तिने डोळ्यांना पदर लावला आणि सामान बांधायला घेतले.

ते दोघे गेल्यावर मी हवालदारांना भेटायला सायकलने लष्करी इस्पितळात गेलो. पुढच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना पुण्याला पाठवले होते. माझा नमस्कार त्यांना पोचला नाही. मी याला चमत्कार म्हणत नाही. एक जखमी माणूस प्रसादाला आला आणि शेजारचे पान रिकामे होते, एवढेच घडले. पण ते पान माझ्यासाठी कोणी राखले, असा प्रश्न मनात येतो तेव्हा मला एकच उत्तर सुचते, आणि मी हात जोडतो.

मेसमध्ये पहिल्या दिवशी समोरचा एक मुलगा बराच वेळ पाहत होता. शेवटी त्याने विचारलेच, ‘ओए मराठे, तू चबा रहा है या सोच रहा है?’ मी म्हणालो, ‘दोनों. मेरा जबड़ा ऐसा ही है, यार. टाइम लगता है. तुम लोगों की क्लास है तो जाओ.’ समोरची मुले थोडा वेळ थांबली, मग खरेच गेली. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी एकटा उरलो, आणि पानातले सगळे संपवून उठलो.

याला आता दोन वर्षे होतील. पदवीची परीक्षा मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो. चेहरा आहे तसाच आहे. पूर्वी पहिला घास उचलण्याआधी मी देवाचे नाव घेई आणि मनात म्हणे, कोणी पाहू नये. आता नुसते नाव घेतो आणि जेवतो. मी मागितले होते ते त्याने दिले नाही, आईने मागितले होते ते दिले, आणि दोघांचेही भले केले. आई आता आजीचे डोळे होऊन राहिली आहे. मला काय हवे हे माझ्यापेक्षा त्याला अधिक कळते, एवढे मान्य केले की घास सावकाश चावायला पुरेसा वेळ मिळतो.