दहा बोटांचा रशवान

लाकूडकामासाठी गाजलेल्या दमियात शहरात सुताराची लायकी त्याच्या बोटांवरून ठरते, आणि तीही उलट्या हिशेबानं. ज्याचं एखादं बोट कमी, तो उस्ता, म्हणजे पक्का कारागीर. ज्याची दहाही शाबूत, तो अजून शिकाऊ तरी नाहीतर घाबरट तरी. ही अक्कल पहिल्यांदा कुणी पाजळली ठाऊक नाही, पण त्याला एकदा अंगठ्याशिवाय मासा साफ करायला बसवला पाहिजे.

रशवाननं बावीस वर्षं सुतारकाम केलं आणि बोटं दहाच्या दहा राखली. त्यामुळे अख्ख्या गल्लीत त्याचं नाव पडलं 'नवरीबाई'. काम सुरू करण्याआधी तो झब्ब्याच्या बाह्या कोपराच्या वर दोरीनं बांधायचा, डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि फळीवरून हात फिरवून जुना खिळा राहिलाय का बघायचा. हातातली विजेची करवत फळीच्या जाडीपेक्षा चिमूटभरच खाली उतरेल अशी लावायचा. पातं बदलायचं तर आधी प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवायचा. आणि काप संपला तरी पातं पूर्ण थांबेपर्यंत करवत धरून उभा राहायचा. तेवढ्या वेळात समोरच्या कॉफीवाल्याकडून हटकून हाक यायची, "रशवान, मेहंदी वाळली का रे?"

"वाळतेय," रशवान म्हणायचा. "तुझ्यासाठी थोडी ठेवतो."

खरी चीड लोकांना यायची ती खालच्या झाकणावरून. करवतीच्या पात्याला खालून एक झाकण असतं. फळी लागली की ते मागं सरकतं, काप संपला की आपोआप पातं झाकतं. गल्लीतले सगळे उस्ता ते तारेनं वर बांधून टाकत, कारण म्हणे त्यानं कापायची रेघ दिसत नाही. रशवाननं आपल्या करवतीला तार कधी बांधली नाही. कुणी मागून नेलीच आणि तार बांधून परत केली, तर पुढचे चार महिने तो त्या माणसाला खिळासुद्धा द्यायचा नाही. स्वभावानं गोड होता, पण या बाबतीत भलताच खाष्ट.

आणि असा माणूस प्रेमात पडला तो नेमका हाजी दसूकींच्या मुलीच्या.

हाजी म्हणजे गल्लीतलं सर्वांत मोठं नाव. कपाटाच्या माथ्यावर बसणारा कोरीव मुकुट त्यांच्यासारखा कुणाला जमला नाही. ते डावरे; करवत डाव्या हातात, फळी उजव्या हाताखाली. म्हणून गेलं ते उजव्याचं, अंगठा आणि शेजारचं बोट. झाकण बांधलेलं, पातं फिरत असतानाच करवत मांडीशी टेकवली आणि उजव्या हातानं फळी सावरायला गेले, एवढंच घडलं होतं. पण कॉफीच्या दुकानात तो हात उंचावून हाजी अशी कहाणी सांगत की वाटावं, सिंहाशीच झुंजले होते. त्यांची मुलगी इन्शिराह घरच्याच कारखान्यात पॉलिश करायची. तिशी उलटली तरी तिनं सहा स्थळं परतवली होती. सातवं स्थळ रशवान. त्याला तिनं स्वतःच सांगितलं, "येऊन विचार. लवकर ये, पॉलिश वाळायच्या आत."

हाजींनी होकार दिला, पण मिठाचा खडा टाकलाच. "पोरगी म्हणते म्हणून देतो. पण निकाहाचा करार लिहिताना वराच्या हातात हात मी द्यायचा नाही. धाकटा भाऊ बसेल. दहा बोटांच्या सुताराला मी जावई म्हणत नसतो."

याचा अर्थ गल्लीत पोरासोरांनाही कळला: मुलगी दिली, माणूस स्वीकारला नाही. रशवान हसून मान डोलवायचा आणि घरी गेल्यावर ताट तसंच बाजूला सारायचा. लहानपणीच बाप गेलेला माणूस तो. त्याला बायको हवी होतीच, पण हाजींचा तो हातही हवा होता, अगदी जिवापासून.

लग्न शुक्रवारी. बुधवारी दुपारी नवरीचं सामान नव्या घरी निघालं. तीन गाड्या, दोन ढोल, गाद्यांच्या ढिगावर बसून टाळ्या पिटणाऱ्या मावश्या, पुढं मशब्बकाची परात आणि मागं मिठाईवर डोळा ठेवून चालणारी निम्मी गल्ली. मधल्या गाडीत रशवाननं स्वतः केलेलं सहा दारांचं कपाट. जिना त्यानं तीनदा मोजला होता. पण आदल्या आठवड्यात हाजींनी येऊन कपाटावर आपला मुकुट सरसानं कायमचा बसवला. "माझ्या लेकीचं कपाट बोडकं जाणार नाही," म्हणाले. रशवानची विरोध करायची हिंमत झाली नाही, आणि जिना पुन्हा मोजायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

पहिल्या वळणावर मुकुट अडकला. सहा हमालांनी कपाट तिरकं केलं, उभं केलं, देवाचं नाव घेतलं. शेवटी ते परत खाली आलं आणि गाडीवर आडवं झालं.

"कापा मुकुट," हाजी गरजले. "वर नेऊन स्क्रूनं बसवू. आणा करवत!"

कुणीतरी न्हाव्याच्या दुकानातून वीज ओढली. हाजींनी रशवानची करवत डाव्या हातात घेतली, झाकण वर ढकलून त्यात लाकडाची ढलपी खुपसली आणि गर्दीच्या मधोमध गाडीवर चढले. अंगात लग्नाचा नवा झब्बा, बाह्या उशीच्या अभ्र्याएवढ्या. उजव्या हाताची उरलेली तीन बोटं त्यांनी मुकुटावर टेकवली, बरोबर पात्याच्या वाटेत.

ढोल थांबले. कारण रशवाननं प्लग उपटला होता.

"लाव तो," हाजी म्हणाले.

"नाही लावणार."

"सगळ्यांसमोर माझा अपमान करतोस? प्लग लाव, नाहीतर कपाट घेऊन चालता हो. लग्न मोडलं समज."

रशवानचा चेहरा पांढराफटक पडला. प्लग मात्र मुठीतच. "मोडा, हाजी," तो म्हणाला. "पण तुमची ही तीन माझ्या करवतीनं जायची नाहीत."

वरच्या गच्चीतून इन्शिराह तरातरा खाली आली. नवरीनं असं गाडीपाशी येऊ नये, पण तिला अडवणार कोण?

"बाबा, नऊ वर्षांची होते तेव्हापासून रोज तुमच्या सदऱ्याची बटणं लावतेय. तुमची लावीन, मरेपर्यंत लावीन. पण दोन पुरुषांची लावत बसायला मला वेळ नाही! म्हणून याला निवडला. कळलं?"

हाजींनी आपल्या गळ्याजवळच्या बटणाकडे पाहिलं, मग सावकाश गाडीवरून उतरले. "कर बाबा तुझ्या पद्धतीनं," ते पुटपुटले. "बघू उद्या संध्याकाळपर्यंत होतंय का."

रशवाननं आधी ढलपी काढून फेकली. झाकण दोनदा उघडमीट करून पाहिलं. पोरांना आणि ढोलवाल्यांना न्हाव्याच्या ओट्यापलीकडे हाकललं, बाह्या बांधल्या, चष्मा चढवला. मुकुटाखाली दोन्ही बाजूंना ठोकळे दिले, म्हणजे तुटताना लाकूड वाकून पातं दाबायला नको. मुकुट शिकंज्यानं आवळला, हातानं कुणी धरायचंच नाही. करवतीच्या सरळ रेषेत न राहता किंचित बाजूला उभा राहिला, दोन्ही हात मुठींवर, आणि म्हणाला, "आता लावा प्लग."

करवत आधी पूर्ण वेगात आली, मगच लाकडाला भिडली. न ढकलता, तिच्या चालीनं जाऊ देत त्यानं काप पुरा केला. झाकण खटकन मिटलं. पातं थांबेपर्यंत तो तसाच उभा, आणि या वेळी कॉफीवाल्यानं मेहंदीबद्दल काही विचारलं नाही. मुकुटाची एक पाकळीही दुखावली नव्हती. हाजींनी तो उचलून उन्हात धरला, कापावरून डावा अंगठा फिरवला.

"रेघ दिसली तुला?"

"दिसते, हाजी. वाकून बघावं लागतं."

पुढं जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. कपाट वर गेलं, परात रिकामी झाली, आणि मावश्यांनी जिन्यातच नाच मांडला.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर हाजींचा धाकटा भाऊ मिशांना तेल लावून काझीसमोरच्या उशीवर बसला. रशवान त्याच्यासमोर, नजर खाली. काझीनं पांढरा रुमाल झटकला; त्याखाली वर आणि वधूचा पालक हातात हात घेतात, अंगठ्याला अंगठा दाबतात.

"ऊठ," मागून आवाज आला.

भाऊ गडबडून उठला. हाजी बसले आणि त्यांनी उजवा हात पुढं केला. कॉफीच्या दुकानात वीसेक वर्षं मिरवलेला तोच हात. रशवाननं तो दोन्ही हातांत घ्यायच्या आत काझीनं वर रुमाल टाकला.

हाजी पुढं वाकले, फक्त त्याला ऐकू जाईल इतकंच बोलले. "माझ्या बाजूला अंगठा नाही, पोरा. दोघांच्या वाटचा जोर तूच लाव."

रशवाननं लावला. त्याचे डोळे वाहत होते आणि काझीच्या मागं कोणते शब्द म्हणायचे ते तो तीनदा विसरला. वरच्या मजल्यावर बायकांनी तर शेवटपर्यंत वाट पाहिलीच नाही, त्यांचा आनंदाचा कल्लोळ तेव्हाच सुरू झाला.