फ्रेंच सायकलींचा उजवा कप

रोह्यात मी हातात घेतलेली पहिलीच फ्रेंच सायकल मोडली. अपघातात नाही की कुणाच्या धक्क्याने नाही. नीट बैठक मारून, पान्याला लांब नळी लावून, त्या नळीवर उभा राहून मी ती मोडली. आणि मोडत असताना ती दुरुस्त होते आहे अशी माझी पक्की समजूत होती.

पण आधी घर कसं सोडलं ते सांगायला हवं. घर सोडताना मी जे बोललो होतो, त्याच्या मानाने सायकल मोडणं किरकोळच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणच्या एसटी स्टँडवर त्या सकाळी आम्ही दोघं शेजारी निघालो होतो. उस्मानचाचांचा अन्वर मुंबईच्या गाडीत बसणार होता आणि तिथून विमानाने दुबईला. मी रोह्याच्या गाडीत बसणार होतो आणि तिथून चालत कमलताईंच्या घरी. अन्वरची आई तोंडात ओढणी धरून हुंदके देत होती. माझी आई मात्र आवाज काढून रडत होती, इतकं की कंडक्टरने मला विचारलं, "लांब चाललाय का?" शेवटी उस्मानचाचांना राहवेना. म्हणाले, "वहिनी, माझा पोरगा समुद्र ओलांडून चाललाय. तुमचा नागोठणं ओलांडतोय."

आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "नागोठण्याच्या पल्याड आमचं कोण हाय?"

तुमच्यापैकी जे दुबईला, मस्कतला, गेलाबाजार ठाण्याला गेले, ते माझ्या स्थलांतराला हसतात. हसा. पण गाडी गडबच्या पुढे गेली, शेतं ओळखीची राहिली नाहीत, तेव्हा मांडीवरच्या पोह्यांच्या पापडांच्या पुडक्यावर मी जे अश्रू गाळले, ते अन्वरने विमानात गाळले असतील त्याहून कमी नव्हते. पापड मऊ पडले, हा पुरावा.

आबा, म्हणजे माझे वडील, स्टँडवर आले नव्हते. ते दुकानात होते, आणि दुकानावरूनच सगळं झालं होतं. आमचं सायकलचं दुकान गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत. पान्यांवर, हँडलांवर, आबांच्या भुवयांवर बारा महिने शाडूची पांढरी धूळ. डोलवीला कंपनी आली, पोरं शिफ्टला जायला लागली, पहिल्या पगारात सायकल घ्यायला आमच्याकडे येत आणि वर्षभरात ती विकून मोपेड घेत. आबा म्हणत, "जाऊ दे, मोपेडला पण चाकं दोनच हायत. येतील परत." मला तेवढा धीर नव्हता.

अशात रोह्याहून कमलताई आल्या. निवृत्त शिक्षिका. त्यांची भाची फ्रान्समध्ये लग्न करून राहिली होती. तिथल्या लोकांनी माळ्यांवर नि गोठ्यांत पडलेल्या, आपल्या आई-आज्यांच्या जुन्या सायकली गोळा करून बोटीने न्हावाशेव्याला पाठवल्या होत्या. कुंडलिकेपलीकडच्या वाड्यांतल्या मुली सातवीनंतर घरी बसत, कारण हायस्कूल लांब. ताईंची योजना अशी, की सायकल कुणा एकीची नाही, सगळ्यांची. मुलीने शाळेत असेपर्यंत वापरायची, मग पुढच्या मुलीला द्यायची. फक्त त्या चालत्या करून द्यायला माणूस हवा होता.

आबांनी मान हलवली. "विलायती माल हाय, ताई. सुट्टे भाग गावायचे नाय."

आणि मी, ज्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणालो, "मी येतो. शाळा उघडायच्या आत सगळ्या चालत्या करतो. नाय झाल्या तर परत येऊन आबांच्या हाताखाली जन्मभर पंक्चर काढीन, तोंडातनं शब्द काढणार नाय."

आबा हातातल्या चाकाकडे बघत होते. ते म्हणाले, "हातात पाना असला की तोंड मिटावं, एवढं तरी शिकलास का हितं?" त्यानंतर मी निघेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

रोह्यात ताईंच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती. त्यात त्या सायकली एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या होत्या, लग्नाहून परतलेल्या बायका दमून टेकतात तशा. आपल्या सायकली कशा असतात, म्हशीसारख्या, भक्कम नि काळ्या. ह्या हरणांसारख्या. कुणी आकाशी, कुणी फिकट हिरवी. पुढच्या दांडीऐवजी दोन बारीक नळ्या तिरप्या खाली उतरत थेट मागच्या चाकापर्यंत गेलेल्या, म्हणजे साडी नेसून बसावं किंवा झगा घालून. चिखलपट्ट्यांवर हातोडीने काढलेली नक्षी. आणि पुढच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या, हळद लावल्यासारख्या. टायर मात्र वाळून खारी बिस्किटासारखे झालेले.

राहायला धाटावच्या कंपनीतल्या दोघांबरोबर खोली होती. ते शिफ्टला जात, मी शेडमध्ये जाई. वारा फिरला की केमिकलचा वास येई आणि दोघं नाकानेच कुठलं प्लांट चालू आहे ते सांगत. मला त्या वासात शाडूचा ओला वास आठवे. सगळ्या गावांना आपापला वास असतो, आणि दुसऱ्या गावात गेल्याशिवाय आपल्या गावाला तो होता हे कळत नाही.

आता त्या मोडलेल्या सायकलीकडे येतो.

कुठलंही झाकण डावीकडे फिरवलं की सुटतं. ही जगाची रीत. पण पायडलचा एक्सल ज्या दोन लोखंडी वाट्यांत फिरतो, त्यांना आम्ही कप म्हणतो, त्यांतला उजवा कप आपल्या सायकलीत उलट्या आट्यांचा असतो. तो उजवीकडे फिरवला तरच सुटतो. नवख्याला हे ठाऊक नसतं, आणि नवखा ओळखायची आबांची ही परीक्षाच होती. लहानपणी मी तो डावीकडे फिरवला तेव्हा एक थप्पड बसली होती. "उजवा कप उलटा. जग बुडालं तरी उलटा." तेव्हापासून मला झोपेत उजवा कप दिला असता तरी माझा हात उलटाच गेला असता.

तर मी त्या आकाशी सायकलीचा उजवा कप उलटा फिरवायला घेतला. हलेना. रॉकेल सोडलं. हलेना. नळी लावली, नळीवर उभा राहिलो, देवाचं नाव घेऊन उडी मारली. कर्र झालं, मी शेडच्या पत्र्यावर आपटलो, आणि कप सुटायच्या ऐवजी आटे खरवडत आत रुतून बसला. सांगाडा गेला. ताई आवाज ऐकून आल्या.

"काय झालं रे?"

"फ्रेंच लोखंड, ताई. कमजोर असतं."

त्यांनी सायकलीकडे पाहिलं, मग पत्र्याला पडलेल्या पोच्याकडे पाहिलं. "आणि आपला पत्रा?"

पुढचे दिवस मी सोपी कामं काढत राहिलो. टायर बदलले, चाकांचे आउट, म्हणजे वाकडेपणा, काढले, चिखलपट्ट्या घासल्या, पिवळ्या काचा लिंबाने चमकवल्या. बाहेरून सगळ्या नव्या नवऱ्या. पण सगळ्यांचे एक्सल गंजून जाम, आणि उजवा कप सुटल्याशिवाय आत हात घालायची सोय नाही. वाड्यांवरच्या मुली येऊन शेडच्या दाराशी उभ्या राहत. एकीने, सुगंधाने, आकाशाकडे बघून विचारलं, "दादा, शाळा उघडेपर्यंत व्हतील ना? बापानी सांगितलंय, सायकल आली तर आठवी, नायतर नाय." मी म्हणालो, "होतील गो." त्या रात्री मला पापड गोड लागले नाहीत.

आई दर आठवड्याला एसटीच्या कंडक्टरकडे डबा देई. तो मी धुऊन परत पाठवत असे. त्या आठवड्यात मी डब्याबरोबर निरोप धाडला, "आबांना म्हणावं, मोठा पाना पाठवा." बाकी काही नाही. बढाया मारून गेलेल्या माणसाला ह्याहून जास्त शरण जाता येत नाही.

नुसता पाना आला नाही. आबा आले. खांद्यावर पाना, हातात लोखंडी नळी, एसटीतून, सबंध गाडीला धक्के देत. दारातच म्हणाले, "मोठा पाना मागणारा मेकॅनिक अडकलेला असतो. काय मोडलंस?"

मी आकाशी सायकल दाखवली. आबांनी ती बोटाने चाचपली, आणि मला वाटलं आता थप्पड. पण ते नुसतं फिस्सकन हसले. "ताकद नाय रं तुझ्यात. बघ आता."

त्यांनी हिरवी सायकल आडवी घातली. उजव्या कपला पाना लावला. आणि माझ्या डोळ्यांदेखत, ज्या हाताच्या थपडेने माझा हात घडला त्याच हाताने, त्यांनी पाना उलटा फिरवायला घेतला. नळीवर ते उभे राहिले. मग मला म्हणाले, "तू बी ये." आम्ही बापलेक एका नळीवर उभे राहिलो, एकमेकांच्या खांद्याला धरून, किती तरी दिवसांनी. कर्र झालं.

आबांनी कपवरून बोट फिरवलं. आटे गेले होते. मी मागे बघितलं. पत्र्याला आणखी एक पोचा.

ताई कोकमचं सरबत घेऊन उभ्या होत्या. त्यांना ह्यातलं काही कळत नव्हतं, आणि तेच आमच्या कामी आलं. "मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं तो आवळताय का सोडवताय?"

"सोडवतोय, ताई," आबा म्हणाले.

"मग लोणच्याच्या बरणीसारखा सोडवा ना. तुम्ही झाकण लावल्यासारखं फिरवताय."

आबा हसले, नवख्याला हसतात तसे, आणि तिसऱ्या सायकलीवर पाना लावून त्यांच्या हातात दिला. "घ्या. तुम्हीच बघा." ताईंनी पदर खोचला आणि सरळ, जगाच्या रीतीने, डावीकडे ओढला. टक् करून कप सुटला. आतून काळं ग्रीस आणि गंजके छर्रे ताईंच्या पायावर सांडले.

फ्रेंचांचा उजवा कप सुलटा होता.

शाळा उघडेपर्यंत आबा पेणला परतले नाहीत. पेणच्या दुकानाला पहिल्यांदा कुलूप लागलं. आम्ही दोघं शेडमध्ये झोपायचो, सकाळी उठलो की उजवा कप हातात घेऊन एकमेकांना बजावायचो, "सुलटा रं, सुलटा." तरी हात उलटा जायचाच. मग आबा माझ्या हातावर चापट मारायचे आणि मी त्यांच्या. मोडलेल्या दोघींचे भाग बाकीच्यांना लागले. शाळा उघडली त्या सकाळी ढगांनी अंधारलं होतं, आणि कुंडलिकेच्या पुलावरून पिवळे दिवे एकामागून एक आले. सुगंधा सगळ्यांत पुढे होती आणि उगाचच घंटी वाजवत होती.

मी पिशवी भरली. पैज मी हरलोच होतो. आबा आले नसते तर एकही सायकल चालती झाली नसती. रोह्याच्या स्टँडवर मी पेणच्या गाडीत चढायला लागलो, तर आबांनी मला कॉलर धरून खाली ओढलं.

"कुठं चाललास?"

"पंक्चर काढायला. ठरलंय ना."

"एक तू मोडलीस, एक मी मोडली. एका दुकानात दोन गाढवं कशाला? ऱ्हा हितंच. ह्या पोरींच्या सायकली परत जाम होतील तेव्हा कोण हाय त्यांना?"

गाडी सुटली. ह्या खेपेला मी स्टँडवर होतो आणि घर गाडीत बसून चाललं होतं. आबांनी मागे वळून पाहिलं नाही, पण नळी खिडकीबाहेर आलेली होती, ती वळणापर्यंत दिसली.

मी रोह्यातच राहिलो. इथेच दुकान, इथेच संसार. बायको रोह्याची, मुलं रोह्याची, नदी रोह्याची. फ्रेंच सायकलींतल्या थोड्या अजून येतात. पहिल्या मुलींच्या मुली घेऊन येतात. दिव्यांच्या काचा कधीच्या फुटल्या, आता पांढऱ्या आहेत. अन्वर दुबईहून कायमचा परत आला आणि पेणमध्ये घर बांधून राहतो. समुद्र ओलांडणारा परतला, नागोठणं ओलांडणारा राहिला. आई असेपर्यंत डबा येत होता, तोही एसटीनेच.

आबा आता थकलेत, दिवाळीपासून माझ्याकडेच असतात. दुकानात खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना माझ्या चुका सांगणं हा त्यांचा उद्योग. परवा एक फ्रेंच सायकल आली. मी बोलत बोलत पाना लावला, आणि इतक्या वर्षांनी हात उलटाच गेला. मी थांबलो. मला एकदम काहीतरी मोठं सुचलं. म्हणालो, "आबा, घर म्हणजे काय ते मला आज कळलं. न विचारता हात ज्या बाजूला वळतो, ते घर. पेण माझ्या हातात आहे बघा अजून."

आबांनी चष्मा वर केला, पान्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घरबिर काय नाय रं," ते म्हणाले. "डोकं चालत नाय म्हणून हात चालतो तुझा."